धाव संपली, झगा आणा

आजचं वाचन : २ तीमथ्य ४:६-२१ आणि गणना ८:२३-२६



आजच्या शास्त्रभागातलं सातवं वचन आपल्या बहुतेकांना पाठ आहे. पौल म्हणतो की त्यानं चांगली लढत दिली, धाव शेवटपर्यंत नेली आणि विश्वास सांभाळला. आपल्या नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही ख्रिस्ती कब्रस्तानात गेलात तर चार-पाच फरश्यांवर हेच वचन कोरलेलं दिसेल. वर्षश्राद्धाऐवजी आपण जी स्मरणार्थ प्रार्थनासभा घेतो, तिच्या पत्रिकेवरही तेच असतं. त्यामुळे होतं काय, की हे गेलेल्या माणसाचं वचन आहे असं आपल्या मनात पक्कं बसलं आहे.

पण प्रियांनो, लिहिताना पौल जिवंत होता. रोमच्या कैदेत होता, शेवट जवळ आला आहे हे त्याला कळलेलं होतं, पण तो जिवंत होता. धाव संपली असं लिहून झाल्यावर पुढच्या दोन-तीन ओळींत तो तीमथ्याला लवकर निघून यायला सांगतो. मार्कालाही घेऊन ये म्हणतो. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर नक्की आण, असा निरोप देतो. म्हणजे धाव संपल्यावरही त्याला थंडी वाजत होती, वाचावंसं वाटत होतं, माणसं हवीशी वाटत होती. धाव संपणं आणि माणूस संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचं मनन एवढ्यावरच आहे.

पौलाची शर्यत कोणती होती?

आपण शर्यत म्हटलं की मॅरेथॉन डोळ्यांसमोर येते. पौलाच्या काळात मॅरेथॉन नव्हती. ती १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये सुरू झाली. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आलं आणि १९२१ साली कायमचं ठरलं. जुन्या ग्रीक खेळांतली सगळ्यात लांब धाव काही किलोमीटरचीच असायची. पण खेळ मात्र पौलाच्या अगदी ओळखीचे होते. तो करिंथात दीड वर्ष राहिला. करिंथाशेजारीच दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरायचे. तिथल्या विजेत्याला पाल्याचा मुकुट मिळायचा, आणि तो काही दिवसांत वाळून जायचा. म्हणूनच करिंथकरांना लिहिताना (१ करिंथ ९:२५) तो न वाळणाऱ्या मुकुटाविषयी बोलतो. वाचणाऱ्यांना लगेच समजलं असणार.

आजच्या वचनात लढतीसाठी मूळ ग्रीक शब्द आहे 'आगोन'. मैदानातली चुरस, झटापट, जीव पणाला लावणं, हे सगळं त्या एका शब्दात येतं. धावेसाठी शब्द आहे 'द्रोमोस', म्हणजे आखून दिलेला मार्ग. हा दुसरा शब्द पौलानं आधीही वापरला आहे. प्रेषितांची कृत्ये २०:२४ मध्ये मिलेत इथं इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेताना तो म्हणाला होता की मला माझ्या जिवाची पर्वा नाही, फक्त माझी धाव पुरी करायची आहे. तेव्हा ती इच्छा होती. आज वाचलेल्या पत्रात तीच गोष्ट झाली म्हणून सांगतो आहे. मधल्या काळात काय काय झालं ते आपण वाचलेलंच आहे : अटक, कैसराकडे दाद, जहाज फुटणं, कैद. पण मार्ग बदलला नाही, कारण तो त्यानं आखलेलाच नव्हता. आखणारा दुसरा होता.

आणि ज्यानं मार्ग आखला, त्यानंच तो कुठे संपतो हेही ठरवलं आहे. इथं आपण अडखळतो.

माझ्या मामांचा प्रश्न

माझे एक मामा इथंच केडगावात राहतात. अडतिसाव्या वर्षी साखर निघाली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मामा चालायला लागले, मग पळायला लागले. पहाटे पाचला पुणे रोडनं चासकडे, कधी कामरगावच्या घाटापर्यंत. कधी दौंड रोडनं अरणगावकडे. पुढच्या काही वर्षांत त्यांनी मुंबई मॅरेथॉनची पूर्ण ४२ किलोमीटरची धाव सहा वेळा पुरी केली. गावात त्यांची ओळखच 'मॅरेथॉनवाले' अशी झाली. दुकानात, बँकेत, उपासनेला, सगळीकडे तोच विषय. साखर आटोक्यात आली, गोळ्या कमी झाल्या. त्यांनी मंडळीत कितीदा तरी साक्ष दिली की देवानं मला पाय दिले.

२०१९ च्या पावसाळ्यात गुडघा सुजायला लागला. गादी झिजली होती. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की चाला, सायकल चालवा, पण लांब पल्ल्याचं पळणं आता बंद करा. मामांनी जानेवारी २०२० ची नोंदणी आधीच केली होती. बरीच बोलणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, एक शेवटची करा, पण हळू, आणि दुखलं की चालायचं. त्याच वर्षी मामांना पन्नास पूर्ण होणार होती.

आता मंडळीत ही गोष्ट कळली. सगळ्यांचं प्रेम होतं, म्हणून सगळ्यांनी सल्ले दिले. एका भावानं त्यांना यशया ४०:३१ काढून दाखवलं. परमेश्वराची वाट पाहणारे धावतील आणि दमणार नाहीत, असं त्या वचनात आहे ना? मग मामा, शेवटची असं का म्हणता? विश्वासानं बोला. गुडघा बरा होईल.

मामा त्यावर काही बोलले नाहीत. पण एका रविवारी संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "काय रे, तू रोज वचनावर लिहितोस. मला सांग, थांबणं म्हणजे अविश्वास आहे का? देवानंच पाय दिले म्हणून मी इतकी वर्षं साक्ष दिली. आता त्याच पायांनी थांबलो, तर ती साक्ष खोटी पडती का?"

हा प्रश्न फक्त पळण्याचा नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ज्या गोष्टीतून देवानं आपल्याला उभं केलं, ती गोष्टच सोडायची वेळ येते तेव्हा आपण कोण उरतो? आवाज गेलेला गायक, नजर कमी झालेली शिंपीणकाम करणारी मावशी, निवृत्त शिक्षक, मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेलेली आई. सगळ्यांचा प्रश्न हाच आहे.

यशयाचं वचन शेवटपर्यंत वाचू या

त्या भावानं दाखवलेलं वचन खरंच मोठं आहे. फक्त ते अर्ध्यात थांबवलं होतं. यशया तीन गोष्टी सांगतो, आणि त्यांचा क्रम बघा. आधी गरुडासारखी भरारी, मग धावणं, आणि शेवटी चालणं. आपण लिहिलं असतं तर उलटं लिहिलं असतं : आधी चालाल, मग धावाल, मग उडाल. प्रगतीचा आलेख वर गेला पाहिजे ना! पण संदेष्टा उतरत्या क्रमानं येतो आणि चालण्यावर थांबतो.

का? कारण तो अध्याय बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना धीर देणारा आहे. त्यांना पुढे काय करायचं होतं? बाबेलहून यरुशलेमला परत जायचं होतं. शेकडो मैल, म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, सामान. त्या रस्त्यावर कोणी उडणार नव्हतं आणि फार कोणी धावणारही नव्हतं. रोज उठून चालायचं होतं. म्हणून देवाचं सगळ्यात मोठं वचन शेवटी ठेवलं आहे, की चालाल आणि थकून पडणार नाही.

म्हणजे धावणाऱ्याचं जेव्हा चालणं होतं, तेव्हा तो वचनाच्या बाहेर पडत नाही. वचनाच्या शेवटच्या भागात येतो.

आणि बरं होण्याचं म्हणाल, तर आजच्याच अध्यायातलं विसावं वचन वाचा. त्रोफिमाला मी मिलेतात आजारी सोडून आलो, असं पौल लिहितो. हा तोच पौल आहे ज्याच्या अंगावरचे रुमाल लावले तरी आजारी बरे होत होते. तरी त्रोफिम आजारी राहिला. पौलानं त्याचा विश्वास कमी पडला असं म्हटलं नाही, स्वतःची लाजही लपवली नाही. एका ओळीत सांगितलं आणि पुढे गेला. आपण आजारी माणसासाठी प्रार्थना जरूर करावी. देव बरं करतो, मी पाहिलं आहे. पण कोणाच्या सुजलेल्या गुडघ्यावर वचनाचा भार टाकू नये.

पन्नासाव्या वर्षाचा नियम

मामांच्या प्रश्नाचं उत्तर मला गणनेच्या पुस्तकात सापडलं, जिथे आपण सहसा शोधायला जात नाही. गणना ८:२३-२६. तिथे परमेश्वर मोशेला सांगतो की लेवी माणसानं पन्नासाव्या वर्षी दर्शनमंडपाच्या कष्टाच्या कामातून निवृत्त व्हावं. आपल्याकडे निवृत्तीचं वय सरकार ठरवतं. इथे देवानं स्वतः ठरवलं आहे.

हे का, ते समजायला त्यांचं काम काय होतं ते बघावं लागतं. निवासमंडप म्हणजे तंबू. अरण्यातल्या प्रवासात तो उकलायचा, उचलायचा, न्यायचा, परत उभा करायचा. गणनेच्या सातव्या अध्यायात गाड्यांची वाटणी आहे : गेर्षोनी घराण्याला दोन गाड्या, मरारी घराण्याला चार, कारण त्यांच्याकडे फळ्या, खांब, बैठका असं जड सामान होतं. कहाथी घराण्याला मात्र एकही गाडी नाही. पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावरच वाहायच्या होत्या. वाळूतून, उन्हातून, खांद्यावर. पन्नास वर्षांच्या माणसाचा खांदा कसा असतो हे देवाला माहीत होतं, कारण खांदा त्यानंच घडवला.

आता नियमाचा दुसरा भाग, जो जास्त महत्त्वाचा आहे. पन्नाशीनंतर त्या लेव्यानं जड काम करायचं नाही. पण दर्शनमंडपात आपल्या भावांच्या बरोबर राहून पहारा ठेवायला त्यानं मदत करायची. तो घरी बसत नाही. तो तरुणांच्या शेजारी उभा राहतो. कोणती दोरी कुठे बांधायची, कोणत्या खांबाला आधी हात लावायचा, कुठली वस्तू उघडी दिसता कामा नये, हे त्याला वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक असतं. ते ज्ञान खांद्यात नसतं. खांदा उतरवला तरी ते त्याच्याजवळ राहतं.

मी मामांना हा उतारा वाचून दाखवला. ते बराच वेळ पुस्तक हातात धरून बसले. मग म्हणाले, "म्हणजे देवाच्या घरातसुद्धा माणसाला ओझं खाली ठेवायला सांगतेत." मी म्हटलं, हो मामा, आणि ते सांगणारा देवच आहे.

जिंकलो नव्हे, संपवली

पौलाच्या वचनात आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. तो पहिला आलो असं कुठेच म्हणत नाही. धाव पुरी केली, एवढंच म्हणतो. आणि मुकुटाविषयी बोलताना तो फक्त मलाच नाही, प्रभूच्या येण्याची ओढ असणाऱ्या सगळ्यांनाच मिळेल असं जोडतो. ग्रीक मैदानात मुकुट एकालाच. प्रभूच्या मैदानात जो पोचला त्या प्रत्येकाला.

आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचा मार्ग नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरचा होता. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोचले आणि एकोणिसावे आले. पदक नाही. पण शंभर वर्षांनंतरही त्यांचं नाव घेतलं जातं, कारण ते शेवटच्या रेषेपर्यंत गेले.

दुसरं उदाहरण मेब केफ्लेझिघी यांचं. एरिट्रियातून निर्वासित म्हणून निघालेल्या कुटुंबातला मुलगा, अमेरिकेत वाढला. २००४ ला अथेन्समध्ये ऑलिंपिकचं रौप्यपदक, २००९ ला न्यूयॉर्क मॅरेथॉनचं विजेतेपद, आणि २०१४ ला, आदल्या वर्षीच्या बॉम्बस्फोटानंतर, बोस्टन मॅरेथॉनचं विजेतेपद. त्या दिवशी त्यानं आपल्या छातीवरच्या क्रमांकाच्या कागदाच्या कोपऱ्यांत मृतांची नावं लिहिली होती. हा माणूस आपला ख्रिस्ती विश्वास उघडपणे सांगतो. त्यानं शेवटची मॅरेथॉन ठरवून धावली : नोव्हेंबर २०१७, न्यूयॉर्क, वय बेचाळीस. मॅरेथॉन २६ मैलांची आणि ही त्याची सव्विसावी. सिनेमात असतं तर तो जिंकला असता. प्रत्यक्षात तो अकरावा आला आणि रेषा ओलांडून जमिनीवर कोसळला. मग घरच्यांनी त्याला मिठी मारली.

त्याच न्यूयॉर्कच्या रस्त्यावर २०१३ साली त्याचा दिवस फार वाईट गेला होता. तो मागे पडत गेला. शेवटच्या टप्प्यात त्याला शहरातलाच एक साधा धावपटू भेटला, आणि दोघांनी हातात हात धरून रेषा ओलांडली. मेब तेविसावा आला. त्याच्या विजयांपेक्षा मला ही तेविसावी जागा जास्त लक्षात राहते.

पेडर रोडचा चढ

१९ जानेवारी २०२० चा रविवार. मुंबई मॅरेथॉन पहाटे अंधारातच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटते. मरीन ड्राइव्ह, हाजी अली, वरळी, सी लिंक, माहीम, आणि परत. ज्यांनी ती धावली आहे त्यांना विचारा, सगळे एकच नाव घेतात : परतीचा पेडर रोड. तसा तो चढ फार मोठा नाही. पण तो पस्तीसेक किलोमीटरनंतर येतो. तोपर्यंत स्नायूंमध्ये साठवलेली साखर संपत आलेली असते, ऊन डोक्यावर आलेलं असतं, पाय आपले राहिलेले नसतात. धावपटू याला भिंत लागली म्हणतात.

मामा तो संपूर्ण चढ चालले. रस्त्याच्या कडेला लोक संत्र्याच्या फोडी, मीठ, बिस्किटं घेऊन उभे होते. लहान पोरं टाळ्या वाजवत होती. मामा म्हणाले, "आधीच्या सहा वेळा मी त्या चढावर चाललो असतो तर मला लाज वाटली असती. मान खाली घालून पळालो असतो. या वेळी मी त्या लोकांची तोंडं बघितली. प्रत्येकाला थँक्यू म्हटलं." वेळ पाच तास बावन्न मिनिटं. त्यांची आजवरची सगळ्यात हळू धाव. रेषा ओलांडल्यावर त्यांनी बाजूला होऊन, रस्त्यावरच, गुडघा टेकता येत नव्हता म्हणून उभ्यानंच प्रार्थना केली.

त्यानंतर काय

इथे गोष्ट संपवली तर गोड वाटेल, पण खरी होणार नाही. त्यानंतरचे दोन महिने वाईट गेले. पहाटे पाचला जाग यायची आणि काही करायला नसायचं. बूट दाराशी तसेच. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, मग तर घराबाहेर पडणंच बंद. मामी सांगायच्या, हे तासन् तास खिडकीशी बसतात. पौलानं याच अध्यायात लिहिलं आहे की देमास मला सोडून गेला, माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी कोणीच उभं राहिलं नाही. धाव पुरी केलेल्या माणसालाही एकटेपणा येतो. तो आला म्हणजे धाव खोटी होती असं नाही.

पुढे बंधनं उठली. आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे रस्त्यावर असतात, तुम्ही पाहिली असतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मामा एकदा चालायला गेले असताना त्यांनी पाहिलं की ही पोरं पहिल्याच फेरीत जीव तोडून पळतात आणि शेवटी मरतात. मामांनी एकाला थांबवून सांगितलं, पहिले चारशे मीटर राखून पळ. त्यानं ऐकलं, वेळ सुधारला. दुसऱ्या दिवशी चार जण आले. नंतर बारा-पंधरा. आता मामा गुडघ्याला पट्टा बांधून, हातात स्टॉपवॉच घेऊन कडेला उभे असतात. त्यातली बरीच मुलं आपल्या मंडळीतली नाहीत. मामा सगळ्यांना सारखंच ओरडतात.

लेव्यांचा पन्नाशीनंतरचा पहारा म्हणजे हाच की! २ तीमथ्य २:२ मध्ये पौल हेच सांगतो : माझ्याकडून जे ऐकलंस ते विश्वासू माणसांकडे सोपव, म्हणजे ती पुढे दुसऱ्यांना शिकवतील. मी आयटीत काम करतो. तिथे कोणी कंपनी सोडताना शेवटचे दिवस केटीसाठी असतात, म्हणजे आपल्याला जे माहीत आहे ते पुढच्याला समजावून द्यायचं. ज्यानं नीट केटी दिली त्याचं काम त्याच्यामागे चालू राहतं. ज्यानं सगळं स्वतःच्या डोक्यात ठेवलं, तो गेला की काम बंद पडतं.

आपल्या नगरच्या मातीतच याचं मोठं उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी इथं राहून काम केलं. १९१७ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनचं काम सोडलं आणि देवाचा दरबार सुरू केला. १९१९ ला ते गेले, तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबलेलं होतं. लक्ष्मीबाईंनी पुढे चौसष्ट अध्याय लिहिले. ज्या बाईला लग्नाच्या वेळी लिहितावाचता येत नव्हतं, तिनं! टिळकांची धाव अपुरी राहिली असं म्हणाल का? मी नाही म्हणणार. त्यांच्या वाट्याचा मार्ग तेवढाच होता. पुढचा दुसऱ्याच्या नावे लिहिलेला होता.

दोन शब्द, दोघांसाठी

पहिला शब्द थांबायची वेळ आलेल्यांसाठी. मामांनी त्या वर्षाअखेरीस आणखी एक गोष्ट केली. चौदा वर्षं त्यांच्याकडे असलेलं पंचकमेटीचं सेक्रेटरीपद त्यांनी एका तिशीतल्या बहिणीकडे सोपवलं. वह्या, चाव्या, पासबुकं समोर बसून समजावून दिली. कोणी मागितलं नव्हतं. म्हणाले, खांदा उतरवायचा तर दोन्ही उतरवतो. प्रियांनो, आपल्या मंडळ्यांत हे किती क्वचित घडतं ते तुम्हाला माहीत आहे. पदं माणसाबरोबर कबरेत जातात. मग तरुण येत नाहीत म्हणून आपणच रडतो. तुमच्या हातात असं काही आहे का, जे देवानं आता खाली ठेवायला सांगितलं आहे आणि तुम्ही विश्वासाच्या नावाखाली धरून बसला आहात? प्रार्थनेत विचारा. आणि खाली ठेवाल तेव्हा घरी जाऊ नका. शेजारी उभे राहा.

दुसरा शब्द माझ्या वयाच्यांसाठी. आपण तीमथ्य आहोत. ज्यांनी धाव संपवली, त्यांचा आपण सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो आणि विसरतो. पौलानं तीमथ्याकडे सत्कार मागितला नाही. झगा मागितला. आणि एकविसाव्या वचनात तो सांगतो, हिवाळ्याच्या आत ये. कारण हिवाळा लागला की समुद्रातला प्रवास बंद व्हायचा, आणि मग झगा येऊन काय उपयोग? उशिरा केलेलं प्रेम कधी कधी पोचतच नाही. तुमच्या मंडळीत, तुमच्या घरात असं कोण आहे ज्याची धाव संपली आहे आणि ज्याला आता थंडी वाजते आहे? निवृत्त बायबलबाई, जुने संडेस्कूल शिक्षक, दिसेनासं झालेले वडील ज्यांना कोणीतरी पवित्र शास्त्र वाचून दाखवायला हवं? फोन नको. जा. आणि या आठवड्यात जा.

प्रार्थना

हे आमच्या स्वर्गीय बापा, आमचा मार्ग तू आखलास आणि तो कुठे थांबतो हेही तुला ठाऊक आहे. जे धावत आहेत त्यांना धीर दे. जे चालत आहेत त्यांना थकू देऊ नकोस. ज्यांना आज ओझं खाली ठेवायचं आहे, त्यांच्या हातांतली भीती काढ. ज्यांनी धाव पुरी केली त्यांना एकटं वाटू देऊ नकोस, आणि त्यांच्याकडे जाण्यासाठी हिवाळ्याच्या आत आमचे पाय उचल. जो आमच्या विश्वासाची सुरुवात करतो आणि तो पूर्णही करतो, त्या आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावानं मागतो. आमेन.